सोपारा की वसई? एका दिवसाच्या प्रवासाची निवड

सुटीचे दिवस जवळ आले की पालघर-बोईसरच्या व्यापारी कुटुंबांत प्रवासाचे बेत आखले जातात. भूमध्य सागरावरील व्हेनिस, जिनोव्हा अशा जुन्या बंदरांची नावेही आता या बेतांत येऊ लागली आहेत. तथापि बाजारातील पेढी किंवा तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखाना आठ-दहा दिवस दुसऱ्यावर सोपवणे प्रत्येकाला शक्य होत नाही. एक रविवार मात्र बहुतेकांना काढता येतो, आणि तेवढ्या वेळात पाहता येतील अशी दोन प्राचीन बंदरे पालघर जिल्ह्यातच आहेत. डहाणू लोकलने विरार ओलांडले की आधी नालासोपारा येते आणि त्यापुढचेच स्थानक वसई रोडचे. मुलाबाळांसह, वडीलधाऱ्यांसह एकच ठिकाण निवडायचे झाले, तर कोणते निवडावे?

डोळ्यांना दिसणाऱ्या वैभवाचा विचार केला, तर वसईचे पारडे निःसंशय जड आहे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने हा प्रदेश पोर्तुगीजांना दिला आणि पुढे दोनशे वर्षे वसई हे त्यांच्या उत्तर कोकणातील सत्तेचे केंद्र राहिले. लांबच लांब तटबंदी, चर्चचे उंच भग्न मनोरे, खाडीकडे उघडणारा दर्या दरवाजा हे सारे आजही उभे आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी दीर्घ वेढ्यानंतर किल्ला जिंकला. येथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी मंदिरांना अर्पण केल्या, त्यांपैकी एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही वसईतच. शाळेत शिकलेला इतिहास मुलांना येथे पायाखाली सापडतो.

सोपाऱ्यात असे काहीही नजरेत भरत नाही. ज्या खाडीमुळे हे बंदर भरभराटीला आले, ती गाळाने भरत गेली आणि व्यापार ठाणे, वसईकडे वळला. आता तेथे दाट वस्ती आहे. चक्रेश्वर तळ्याकाठचे जुने शिल्पावशेष आणि ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा बौद्ध स्तूप, एवढेच प्रवाशाच्या हाती लागते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये या स्तूपाचे उत्खनन केले. आधी काही न सांगता मुलांना तेथे नेले, तर ती अर्ध्या तासात कंटाळतील.

परंतु जैन कुटुंबासाठी सोपाऱ्याची ओळख निराळी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात सोपाऱ्याचे नाव येते. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरचा माल तांबड्या समुद्रातून मिसरमार्गे भूमध्य सागरापर्यंत जात असे. जैन परंपरेतील एक हृदयद्रावक प्रसंगही याच शतकातला मानला जातो. बारा वर्षांचा दुष्काळ पडलेला. सोपाऱ्याचे श्रेष्ठी जिनदत्त आणि त्यांची पत्नी ईश्वरी यांनी लक्ष मुद्रा मोजून एका वेळचे अन्न मिळवले. त्यात विष कालवून सहकुटुंब जीवन संपवावे, असा निश्चय झाला होता. तोच आर्य वज्रसेन गोचरीसाठी दारी आले. गुरू वज्रस्वामींनी सांगितलेली खूण त्यांना पटली. लक्ष मुद्रांचे अन्न जेथे मिळेल, तेथे दुसऱ्याच दिवशी सुकाळ होईल, अशी ती खूण होती. त्यांनी त्या कुटुंबाला थांबवले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदराला लागली. जिनदत्त, ईश्वरी आणि त्यांचे पुत्र नागेंद्र, चंद्र, निर्वृति व विद्याधर यांनी दीक्षा घेतली. त्या चौघांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली. खरतरगच्छ व तपागच्छ आपली परंपरा चंद्रकुलाशीच जोडतात. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात सोपाऱ्याची गणना चौऱ्याऐंशी तीर्थांत केली आणि तेथील ऋषभदेवांच्या प्रतिमेचा उल्लेखही केला.

ज्या व्यापारी घरात पैसा होता पण धान्य नव्हते, त्या घराची ही कथा आहे. धनाची मर्यादा आणि एका दिवसाच्या धीराचे मोल दुकानात वाढणाऱ्या मुलांना यापेक्षा सोप्या रीतीने समजावणे कठीण.

निवडीच्या प्रश्नाचे एक उत्तर सोपाऱ्याच्या मातीतूनच निघाले आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ मध्येच येथे मिळाला. पूर्वीचे राजे शिकार व करमणुकीसाठी विहारयात्रेला जात, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली, असे अशोकाने त्या लेखात सांगितले आहे.

म्हणून एकच दिवस हाती असेल, तर तो सोपाऱ्याला द्यावा. वसईची तटबंदी अजून उभी आहे, ती पुढच्या सुटीतही पाहता येईल. सोपाऱ्याच्या स्मृतीला मात्र असा दगडी आधार नाही. ती कोणी सांगितली तरच पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते. निघण्यापूर्वी आदल्या रात्री आजी-आजोबांनी वज्रसेनांची कथा मुलांना सांगावी. पहाटेची गाडी धरावी, शिदोरी घरचीच घ्यावी आणि चौविहार पाळणाऱ्यांची सोय म्हणून सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचेल असा परतीचा बेत ठेवावा. तळ्याकाठी उभे राहून, जहाजे कोणत्या बाजूने आली असतील, असे मुलाने विचारले, तर तो दिवस सार्थकी लागला असे समजावे.