जुन्या जीपचं इंजिन नेमकं कोणतं? खर्च करण्याआधी एवढं तपासा

शिरूर-दौंड पट्ट्यात महिंद्राच्या जुन्या डिझेल जीप अजून बऱ्याच वस्त्यांवर उभ्या दिसतात. कुणी वैरण आणतं, कुणी पावसाळ्यात काळ्या रानातून दुधाचे कॅन रस्त्यापर्यंत काढतं. पण यातल्या बऱ्याच गाड्या दोन-तीन मालकांच्या हातून फिरलेल्या असतात. बॉनेटखाली कंपनीचं मूळ इंजिन आहे की दुसऱ्या गाडीतलं, हे आताच्या मालकालाही माहीत नसतं. मग दुकानातून आणलेलं गॅस्केट बसत नाही, तेव्हा घोळ कळतो.

सुरुवात आरसी बुकापासून करा. त्यात इंजिनची सीसी लिहिलेली असते. २३५० च्या आसपास असेल तर ते सत्तरच्या दशकात आलेलं, इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं जुनं इंजिन. २११२ म्हणजे फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९०, आपल्याकडे नुसतं 'प्युजो' म्हणतात ते. आणि २५२३ म्हणजे एमडीआय, जे पुढे बोलेरोपर्यंत चाललं.

आता कागद आणि लोखंड जुळतंय का ते बघा. ब्लॉकवरचा इंजिन नंबर शोधा, डिझेल आणि तारेच्या ब्रशने घासून काढा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. नंबरच्या जागी ग्राइंडर फिरल्याच्या खुणा दिसल्या तर अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

हेड उघडलंच असेल तर शंका कायमची मिटते. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टन वर-खाली किती सरकतो ते मोजा. प्युजोचा व्यास ९० मिलिमीटर, स्ट्रोक ८३. नावातला ९० आला तोच इथून. एमडीआयचा व्यास ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. एक इंजिन मिलिमीटरच्या देशातलं, दुसरं इंचाच्या, हे मापच सांगतं. लायनर झिजलेला असेल किंवा बोअर करून पुढच्या साइजचा पिस्टन टाकला असेल तर व्यास थोडा जास्त भरेल, स्ट्रोक मात्र बदलत नाही. म्हणून स्ट्रोकवर भरवसा ठेवा.

या मापाचा चालवताना फरक पडतो. लांब स्ट्रोकचं एमडीआय कमी फेऱ्यांवर ओढतं, चिखलात आणि भरलेल्या ट्रॉलीला बरं. प्युजो जास्त फेऱ्यांवर पळणारं. त्यामुळे प्युजोच्या जागी एमडीआय टाकून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तेच ठेवलं, तर ओढ वाढते पण हायवेवर गाडी लवकर दमते. नगर रोडवर रोज जाणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

ताकद वाढवायची म्हटलं की पोरं आधी टर्बोचं नाव काढतात. आमचं मत विचाराल तर बिनटर्बोच्या जुन्या इंजिनला बाहेरून टर्बो लावू नये. त्याचे पिस्टन, हेड गॅस्केट आणि रेडिएटर तेवढ्या उष्णतेसाठी बनवलेलेच नसतात. त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. नोझलचा दाब तपासून घ्या, पंप कॅलिब्रेट करा, टॅपेट सेट करा. निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. गरम इंजिनमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतील. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा आधी एअर फिल्टर बघा. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर चालतो. थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

इंजिनच बदलायचं ठरवलं तर मिस्त्रीआधी आरटीओ. दौंडकरांचं बारामतीला, एमएच ४२. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाला मंजुरी लागते, आणि मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर १४ दिवसांत कळवायचं असतं. कंपनीने दिलेल्या मूळ मापदंडांपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. म्हणून २११२ च्या जागी २५२३ टाकून नंतर बघू, असं करू नका, आधी लेखी विचारा. बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठा धोका अपघाताचा. इंजिन नंबर जुळला नाही की विम्याचा दावा अडकतो, आणि समोरच्याची भरपाई अंगावर येऊ शकते.

जुन्या गाडीचं इंजिन विकत घेताना त्याचं पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या कागदांची प्रत मागून घ्या. खाजगी गाडीला १५ वर्षं झाल्यावर ५ वर्षांची नोंदणी मिळते, तेव्हा तपासणीत हाच नंबर बघतात.