तळपायाला चामखीळ, डॉक्टरची मेंबरशिप!

जिमची मेंबरशिप असते, क्लबची असते, ओटीटीची तर घरटी तीन-तीन असतात. पण डॉक्टरची मेंबरशिप? महिन्याला ठरलेले पैसे भरायचे, आणि मग सर्दी होवो, पाय मुरगळो की तळपायाला चामखीळ येवो, वेगळं बिल न भरता आपल्या डॉक्टरला दाखवायचं. अमेरिकेत याला ‘डायरेक्ट प्रायमरी केअर’ म्हणतात. ऑनसाइट जाणाऱ्या आपल्या मंडळींना व्हिसा, घरभाडं, ड्रायव्हिंग टेस्ट असं सगळं कुणी ना कुणी समजावून सांगतं. हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मला सांगितलं ते सिएटलजवळच्या आमच्या ऑफिसातल्या एका तेलुगू मैत्रिणीने, माझं लंगडणं बघून!

कुरूप की चामखीळ?

माझ्या उजव्या टाचेखाली मसुराएवढा टणक ठिपका आला होता. चालताना चपलेत खडा अडकल्यासारखं टोचायचं. व्हिडिओ कॉलवर आईने निदान करून टाकलं, ‘‘अगं, कुरूप असेल. कॉर्न कॅप लाव.’’ इथल्या क्लिनिकात डॉक्टरांनी वरची कडक कातडी ब्लेडने हलकेच खरवडली आणि सांगितलं, ही चामखीळ आहे.

दोन्हींत फरक आहे बरं का! कुरूप होतं सततच्या दाबाने, घट्ट बुटांनी. चामखीळ होते ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे. तळपायावरच्या रेघा कुरुपावरून सलग जातात, चामखिळीपाशी तुटतात. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. आणि खरवडल्यावर चामखिळीत काळे ठिपके दिसतात. ते ‘मूळ’ समजून अनेकजण सुईने उकरायला जातात. खरं तर त्या गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात.

एचपीव्ही हे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. तळपायाला त्रास देणारे प्रकार १, २, ४, २७, ५७ या नंबरांचे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते १६ आणि १८ वेगळे. तळपायाचे हे पाहुणे मिळतात बहुधा स्विमिंग पूल नि जिमच्या शॉवरच्या ओल्या फरशीवर, अनवाणी फिरताना.

फेऱ्या आणि बिलं

या चामखिळीवर एका दणक्यात काम करणारा इलाज नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावून थर थर काढायचे, किंवा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनने ती गोठवायची. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली एक चाचणी छापून आली. २४० जणांवर हे दोन्ही उपाय करून बघितले गेले. बारा आठवड्यांनी पूर्ण बरे झालेले दोन्ही गटांत सारखेच, १४ टक्के! म्हणजे चिकाटी हवी, फेऱ्या हव्यात. निरोगी माणसाची चामखीळ पुष्कळदा आपली आपण जाते, पण त्याला कधी कधी दोन वर्षंही लागतात. रोज टोचत असेल तर तेवढं थांबणार कोण?

नेमकी इथेच गोची होते. माझा इन्शुरन्स मोठ्या डिडक्टिबलचा. म्हणजे वर्षातले सुरुवातीचे काही हजार डॉलर माझ्याच खिशातून. पहिल्या क्लिनिकात दोनदा गोठवून घेतलं, दर फेरीला ३४० डॉलर. बिलावर चक्क ‘सर्जरी’ लिहिलेलं! अमेरिकेच्या बिलिंग कोडमध्ये चामखीळ गोठवणं सर्जरीच्या विभागात येतं. तिसरी अपॉइंटमेंट मी रद्द केली. चामखीळ मात्र ठाण मांडून होती.

मेंबरशिपचा हिशेब

मैत्रिणीने सुचवलेल्या क्लिनिकात फी महिना ८० डॉलर. त्यात भेटी, फोन, मेसेज आणि चामखीळ गोठवण्यासारखी किरकोळ कामंही. दर तीन आठवड्यांनी नायट्रोजन, असं पाच वेळा. मधल्या दिवसांत घरी कोमट पाण्यात पाय बुडवायचा, कानशीने घासायचा, ४० टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडची पट्टी लावायची. कातडी जास्त लाल झाली की मी फोटो पाठवायचे, ‘‘दोन दिवस पट्टी नको,’’ असं उत्तर यायचं. चौथ्या महिन्यात टाचेवरच्या रेघा पुन्हा सलग दिसू लागल्या. बरं झाल्याची हीच खूण. खर्च ३२० डॉलर, आधीच्या एका फेरीहून कमी! यात श्रेय नायट्रोजनचं किती, पट्टीचं किती नि माझ्या प्रतिकारशक्तीचं किती, हे डॉक्टरही सांगू शकल्या नाहीत.

या कल्पनेचं सिएटलशी जुनं नातं आहे. १९९६ मध्ये इथेच डॉ. हॉवर्ड मॅरन यांनी श्रीमंतांसाठी ‘एमडी स्क्वेअर्ड’ ही मोजक्या पेशंटांची सेवा सुरू केली. २००७ मध्ये डॉ. गॅरिसन ब्लिस यांच्या ‘क्लायन्स’ने तीच गोष्ट सामान्यांच्या खिशाला परवडेल अशी आणली. जेफ बेझोसनेही त्यात पैसे घातले होते. तरी २०१७ मध्ये ‘क्लायन्स’ बंद पडली. कल्पना मात्र देशभर पसरली. आता १ जानेवारी २०२६ पासून महिना १५० डॉलरपर्यंतची अशी फी एकट्या माणसाला करसवलतीच्या हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमधूनही भरता येते.

पण एक मिनिट! हा इन्शुरन्स नव्हे. अपेंडिक्सचं ऑपरेशन, अपघात, कॅन्सर यांपैकी काहीही यात बसत नाही. त्यामुळे इन्शुरन्स हवाच, आणि वर ही फी. वर्षातून एकदाच डॉक्टरकडे जाणाऱ्याला हा तोट्याचा सौदा. शिवाय एका डॉक्टरने दोन हजारांऐवजी काहीशे पेशंट घेतले, तर बाकीच्यांनी जायचं कुठे, हा टीकाकारांचा सवालही बिनतोड आहे.

तरीही मी मेंबरशिप चालू ठेवलीय. कारण चामखीळ नव्हे, ले-ऑफ! अमेरिकेत नोकरी गेली की कंपनीचा इन्शुरन्सही जातो. व्हिसाचे दिवस मोजत नवी नोकरी शोधताना ताप आला, तर फोन उचलणारं कुणीतरी असावं. आपल्याकडे गल्लीतला फॅमिली डॉक्टर जे करतो, तेच मी इथे महिन्याच्या हप्त्याने विकत घेतेय म्हणा ना!

जाता जाता...

- मेंबर होण्याआधी विचारा : नायट्रोजन फीमध्ये आहे की वेगळा? मेंबरशिप कधीही बंद करता येते का?
- पूल आणि जिमच्या शॉवरमध्ये स्लीपर घाला. टॉवेल, मोजे नि कानस कुणाबरोबर शेअर करू नका.
- डायबेटिस असेल किंवा पायाला बधिरपणा असेल, तर अ‍ॅसिडची पट्टी स्वतःहून लावू नका, आधी डॉक्टरला दाखवा. हे सिएटललाही लागू आणि सदाशिव पेठेलाही!