द्राक्षाचा मणी आणि पेशीतील मज्जाव

तासगाव तालुक्यात द्राक्षाचे घड जिबरेलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात बुडवून काढण्याची, बागायतदार जिला ‘डिपिंग’ म्हणतात ती, पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागील शोधपरंपरेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बीजातून लाभणारे हे संप्रेरक बिनबियांच्या मण्यांना पुरेसे मिळत नाही, म्हणून ते बाहेरून द्यावे लागते. भाताची रोपे अवाजवी उंच करणाऱ्या बुरशीच्या स्रावात त्याचा प्रभाव जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली दाखविला, तर १९३५ मध्ये जपानचेच शास्त्रज्ञ याबुता यांनी त्याचे नामकरण केले. परंतु पेशी हा रासायनिक हुकूम वाचते कशी, हे उमगण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जपानी संशोधकांना भातात ‘जीआयडी-१’ हे ग्राहक प्रथिन गवसले. संप्रेरक त्याच्या खोबणीत बसताच वाढीस मज्जाव करणारी ‘डेला’ प्रथिने त्यास बिलगतात, त्यांच्यावर नाशाची रासायनिक खूण जडविली जाते, पेशीची यंत्रणा त्यांचे तुकडे करते आणि वाढीची मनाई उठते. मात्र अतिरिक्त मात्रेने देठ कडक होऊन मणी गळू लागतात. सबब बागायतदारांनी मात्रा आणि वेळ यांविषयी तज्ज्ञांच्या शिफारशीचे काटेकोर पालन करावे.