साथीला कुणी नाही? लूप पेडल करेल साथ, पण पाय समेवर पडला तरच!

तळोजा (ता. पनवेल) : ढोलकीवाला सेकंड शिफ्टला, पेटीवाला रात्रपाळीला. मग सराव करायचा कुणाबरोबर? तळोजा एमआयडीसीच्या आसपासच्या गावांतल्या कलाकारांना ही अडचण नवी नाही. हळद असो की गणपतीतलं भजन, कार्यक्रमाच्या दिवशी सगळे जमतात. रोजच्या रियाजाला मात्र माणूस एकटाच उरतो. अशा एकट्या कलाकारासाठी एक छोटं यंत्र आहे, त्याचं नाव लूप पेडल.

हे नक्की करतं काय?

तळहाताएवढी धातूची डबी आणि तिच्यावर पायाने दाबायचं एक बटण, एवढंच हे यंत्र. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. पुन्हा दाबलं की तेवढाच तुकडा न थांबता परत परत वाजत राहतो. या फिरत्या तुकड्यालाच लूप म्हणतात. तो वाजत असताना पुन्हा बटण दाबून त्यावर दुसरा थर चढवता येतो. आधी ठेका, त्यावर सूर, त्यावर चाल, असं एकच माणूस तिघा-चौघांचं काम करू शकतो. बऱ्याच पेडलवर बटण लागोपाठ दोनदा दाबलं की लूप थांबतो आणि दाबून धरलं की शेवटचा थर पुसला जातो. कंपनीप्रमाणे यात थोडा फरक असतो.

कल्पना जुनीच आहे. पूर्वी टेपची दोन टोकं जोडून ती गोल फिरवत असत. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन इनो यांनी १९७३ मध्ये दोन टेपरेकॉर्डर जोडून अशाच फिरत्या आवाजांवर अख्खा अल्बम काढला. आज तेच काम पायाखालच्या डबीत होतं. इंग्लंडचा गायक एड शीरन याच तंत्रासाठी ओळखला जातो. १६ मार्च २०२४ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर त्याचा कार्यक्रम झाला होता.

आपल्याकडे तर हे अजिबात परकं नाही. तबलजीला रियाजासाठी पेटीवर लेहरा लागतो, म्हणजे एकच सुरावट तालाच्या प्रत्येक आवर्तनात पुन्हा पुन्हा. लूप पेडल हेच करतं. फक्त लेहरा धरायला दुसरा माणूस लागत नाही.

खरी मेख : दुसऱ्यांदा पाय कधी दाबायचा?

नवशिक्यांचं बहुतेक इथंच चुकतं. केहरवा ८ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि एक आवर्तन ४ सेकंदांचं. अनेक जण आठवी मात्रा वाजली की लगेच पाय दाबतात. पण आठव्या मात्रेलाही तिचा अर्धा सेकंद मिळायला हवा. म्हणून पहिल्यांदा पाय दाबायचा समेवर आणि दुसऱ्यांदाही पुढच्या समेवरच, म्हणजे ‘आठ’वर नाही, त्यानंतरच्या ‘एक’वर.

पाव सेकंद उशीर झाला तर काय? पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. तेवढा खड्डा दर फेरीला येत राहणार. माणूस चुकला तर पुढच्या आवर्तनात सावरून घेतो. पेडल चूक पाठ करून ठेवतं आणि दर वेळी ऐकवतं. त्रास होतो खरा, पण लय पक्की करायला असा कडक गुरू दुसरा नाही.

सुरुवात कशी करावी?

* हातात वाद्य न घेता नुसत्या टाळ्या रेकॉर्ड करा. लूप अडखळला तर पुसा आणि परत करा. सलग दहा वेळा जमलं की पुढे जा.
* मग आधाराचा एकच सूर किंवा लेहरा भरा आणि त्यावर ढोलकी, तबला किंवा गाणं म्हणा.
* दोन-तीन थरांवर थांबा. जास्त थर झाले की गोंगाट होतो.

घेण्याआधी हे बघा

इलेक्ट्रिक बेंजो, गिटार किंवा कीबोर्डची पिन थेट पेडलमध्ये लागते. ढोलकी, पेटी आणि गळ्यासाठी मात्र माइक लागतो. साध्या पेडलला माइकची सोय नसते. त्यामुळे मध्ये मिक्सर तरी लागतो, नाहीतर माइकची जागा असलेला मोठा लूपर. रेकॉर्डिंगची वेळही बघून घ्या. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या साध्या ‘डिट्टो’मध्ये ५ मिनिटं मावतात, बॉसच्या ‘आरसी-१’मध्ये १२ मिनिटं. सरावाला दोन्ही पुरेसे आहेत. अडॅप्टर साधारण ९ व्होल्टचा असतो, पण कंपनीने सांगितलेलाच वापरा. उलट्या पिनेचा अडॅप्टर लावला तर पेडल बिघडू शकतं.

आधी फुकटात करून बघायचं असेल तर मोबाईलवर लूपरची अ‍ॅप्स मिळतात. मात्र वायरचेच हेडफोन लावा. ब्लूटूथवर आवाज कानात उशिरा पोचतो आणि सम हुकते.

तळोज्याच्या इमारतींत राहणाऱ्यांनी रात्री हेडफोनवरच सराव केलेला बरा. पेडलला हेडफोनची जागा नसेल तर अ‍ॅम्प्लिफायरची वापरावी. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी असते, हेही ध्यानात ठेवा.

मग ढोलकीवाल्याचं काय?

त्याची जागा पेडल घेऊ शकत नाही. भजनात लय हळूहळू चढते. हळदीत नाचणाऱ्यांचे पाय बघून ढोलकीवाला ठेका बदलतो. पेडलला हे दिसत नाही, ते पहिल्या लयीलाच चिकटून बसतं. घरगुती किंवा छोट्या कार्यक्रमात एकट्याने वेळ मारून नेता येते, पण मांडवात रंग भरायला माणसंच लागतात.

म्हणून हे यंत्र मंडळातला गडी कमी करायला घेऊ नका. रोज अर्धा तास त्याच्यासोबत बसलात, तर सुट्टीच्या दिवशी सगळे जमतील तेव्हा तुमच्यामुळे ठेका अडणार नाही.