पात्राचा स्वभाव आणि ग्रंथाचें मर्म

मराठीच्या प्रश्नपत्रिकेंत दोन प्रश्न सहसा चुकत नाहींत. 'अमक्या पात्राचें स्वभावचित्र रेखाटा' हा पहिला, व 'या ग्रंथाचा मध्यवर्ती विचार स्पष्ट करा' हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरांत विद्यार्थी विशेषणांची माळ गुंफतात : नायक शूर व उदार, नायिका सुशील व सोशिक, खलपुरुष कपटी व क्रूर. दुसऱ्याच्या उत्तरादाखल एखादें सुभाषित लिहिलें कीं काम झालें. अशीं उत्तरें सर्वस्वी चूक असतात असें नाहीं. परंतु ग्रंथ न वाचतांही तीं लिहितां येतात, हा त्यांचा मोठा दोष होय. डहाणू व तलासरी या तालुक्यांतील आमच्या विद्यार्थ्यांस तर या दोषाची विशेष भीति बाळगावयास हवी. कारण त्यांच्यापैकीं कित्येकांच्या आज्यापणज्यांची हकीकत सांगणारा एक श्रेष्ठ ग्रंथ मराठींत आहे. आणि त्यांतील माणसांना अशींच तयार विशेषणें चिकटविलीं, तर होणारा अन्याय परक्यांवर नव्हे, स्वकीयांवर होईल. म्हणून पात्राचा स्वभाव कसा ओळखावा व त्यावरून ग्रंथाचें मर्म कसें काढावें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मनुष्याचा स्वभाव त्याच्या बोलण्यांत थोडा व निवडींत अधिक दिसतो. जेथें कांहींच गमवावयाचें नसतें, तेथें सर्वच उदार व सर्वच धीट असतात. दोन वाटा समोर आल्या, आणि कोणतीही धरली तरी कांहीं तरी हातचें जाणार असें झालें, म्हणजे मनुष्य उघडा पडतो. यास्तव पात्राविषयीं चार प्रश्न विचारावे. त्यानें काय केलें? काय करण्याचें टाळलें? त्याबद्दल त्याला कोणती किंमत द्यावी लागली? आणि त्याच्याविषयींचें मत आपणांस कोणाच्या तोंडून कळतें? या चारांपैकीं शेवटचा प्रश्न विद्यार्थी बहुधा विसरतात. त्याचें महत्त्व पुढें दिसेल.

ग्रंथाचा विषय व ग्रंथाचें मर्म यांतही भेद आहे. विषय एका शब्दांत सांगतां येतो. मर्म सांगण्यास वाक्य लागतें. 'विधवांची दुःस्थिति' हा विषय झाला. त्या दुःस्थितीसंबंधीं ग्रंथ काय दाखवितो, हें मर्म. तें मर्म लेखकाच्या एखाद्या सुंदर वाक्यांत शोधूं नये. सर्व पात्रांच्या निवडी एकत्र ठेवल्या असतां आयुष्याविषयीं जें सिद्ध होतें, तें मर्म. एकही महत्त्वाचें पात्र हिशेबाबाहेर राहिलें, तर मर्म हातीं लागलें नाहीं असें खुशाल समजावें.

याचें लहानसें उदाहरण लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत सांपडतें. दृष्टांताचें मर्म विचारतांच 'पश्चात्ताप' असें उत्तर येतें. परंतु हें उत्तर धाकट्या मुलापाशींच थांबतें. गोष्टीचा उत्तरार्ध थोरल्याचा आहे. तो घर सोडून गेला नाहीं, त्यानें कांहीं उधळलें नाहीं; तथापि भाऊ परत आल्याचा आनंद घरांत चालला असतां तो रागावून बाहेरच उभा राहतो. आतां पित्याची कृति पाहावी. धाकटा दूर असतांच तो धांवत त्याला सामोरा जातो. आणि थोरला आंत येईना तेव्हां त्याची समजूत घालण्यास पुनः बाहेर येतो. पिता दोनदां घराबाहेर पडला, दोघांसाठीं पडला. थोरला आंत गेला कीं नाहीं, हें मात्र गोष्ट सांगत नाहीं. पित्याची प्रीति हरवलेल्याप्रमाणें घरांत राहिलेल्याकडेही चालत जाते, पण आंत येणें ज्याचें त्याच्याच हातीं आहे, असें मर्म काढलें तरच तिन्ही पात्रें त्यांत सामावतात. 'पश्चात्ताप' या एका शब्दांत थोरल्याला जागाच उरत नाहीं.

आतां मराठी ग्रंथांकडे वळूं. बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्याची गणना होते. यमुना आपल्या पतीसह प्रवास करते, ठिकठिकाणीं विधवांचे हाल पाहते. पुढें ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते. आपल्याच समाजांतील लेखकाचा हा मान आम्हांस प्रिय आहे. परंतु प्रिय ग्रंथाची परीक्षा सैल करूं नये. लेखकाचें म्हणणें येथें आधींच ठरलेलें आहे व पात्रें तें वाहून नेतात. यमुना पाहते, ऐकते, हळहळते; पण तिच्या मनांतील ओढाताण आपणांस फारशी दिसत नाहीं. ग्रंथाचें सामर्थ्य त्यांत मांडलेल्या सत्य परिस्थितींत आहे, यमुनेच्या स्वभावचित्रांत तितकें नाहीं.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. विषय जवळजवळ तोच, पण येथें यमू आपली कहाणी आपल्याच तोंडानें सांगते. लहानपणींचे रुसवेफुगवे, सासरचा धाक, पतीच्या संगतींत लाभलेलें वाचनाचें सुख आणि त्याच्या मृत्यूनंतर बळजबरीनें झालेलें केशवपन, हें सर्व ती स्वतः पाहिलेलें व भोगलेलें सांगते. तिला नुसती 'सोशिक' म्हणणें म्हणजे तिच्या हातांतील लेखणी विसरणें होय. जी बाई सोसतें तें लिहून ठेवते, तिनें निदान एक गोष्ट निवडली : मुकाट्यानें नाहींसें व्हावयाचें नाहीं. ग्रंथाचें नांवही प्रश्नार्थक आहे, आणि तो प्रश्न वाचणाऱ्याला विचारलेला आहे. रूढीचें क्रौर्य केवळ दुष्टांच्या हातांनीं चालत नाहीं. पाहूनही लक्षांत न घेणाऱ्या सामान्य माणसांच्या बळावर तें चालतें, हें येथील मर्म होय.

ज्या ग्रंथाचा आरंभीं उल्लेख केला तो म्हणजे गोदावरी परुळेकर यांचा 'जेव्हा माणूस जागा होतो'. तो १९७० सालीं प्रसिद्ध झाला व १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. ही कादंबरी नव्हे, आठवण आहे. परंतु घडलेल्या गोष्टींतील माणसेंही निवड करतातच, म्हणून वरचे चारही प्रश्न येथें लागू पडतात.

प्रसंग १९४५ सालचा. त्या काळीं हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला. वारली कुळांना जमीनदाराच्या शेतावर वेठ करावी लागे. लग्नासाठीं कर्ज काढणारा तरुण बायकोसह सावकाराच्या घरीं राबे व 'लग्नगडी' म्हणविला जाई. त्या वर्षाच्या जानेवारींत टिटवाळा येथें किसान सभेची परिषद भरली, तिला कांहीं वारली गेले. २३ मे रोजीं, आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं मोठी सभा झाली आणि वेठ न करण्याचा निश्चय ठरला. १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला व जेठ्या गांगड यांच्यासह पांच जण मृत्युमुखीं पडले.

या माणसांचें स्वभावचित्र काढावयाचें झाल्यास पहिलें विशेषण लेखणींतून उतरतें तें 'भोळे', दुसरें 'अडाणी'. येथें चौथा प्रश्न विचारावा : हें मत कोणाचें? ज्याला फुकट राबवून घ्यावयाचें, त्याला भोळा म्हणणें राबविणाऱ्यास सोयीचें असतें. वेठ नाकारली तर मार बसेल, खावटी मिळणार नाहीं, कसत असलेली जमीन जाईल, हें ज्याला नेमकें ठाऊक होतें तो गप्प राहिला, तर त्याला भोळा कसें म्हणावें? तो हिशेब जाणत होता, म्हणूनच गप्प होता. त्याचें मौन अज्ञानाचें नव्हे, भयाचें होतें. आणि तें भय सकारण होतें. हा भेद ध्यानीं आला म्हणजे झरीच्या सभेची खरी किंमत कळते. किंमत ठाऊक नसतांना 'नाहीं' म्हणणें सोपें असतें. ती पिढ्यानपिढ्या मोजलेल्या माणसानें 'नाहीं' म्हणणें ही निवड होय. तलवाड्यास लोक जमले ते बाईंच्या जिवास धोका आहे अशी अफवा उठल्यामुळें. अफवा खोटी होती. परंतु कालपर्यंत स्वतःच्या पाठीवरचा मार निमूट सोसणारे आज दुसऱ्याच्या जिवासाठीं धांवून आले, एवढें अंतर त्यांनीं कांहीं महिन्यांत काटलें होतें. स्वभावचित्रांत लिहावयाचें तें हें अंतर.

सांगणारी व्यक्ति हेंही येथें एक पात्र आहे. १९०७ सालीं पुण्यास जन्मलेली, कायद्याची पदवी घेतलेली ही बाई बाहेरून या रानांत आली. तिनें पुष्कळ पाहिलें व तें सहानुभूतीनें पाहिलें; तथापि चुलीपाशीं बसून वारली बाई वारली बाईशीं जें बोलते, तें सर्व तिच्या कानीं येणें शक्य नव्हतें. ग्रंथाचा आदर राखूनही विद्यार्थ्यानें हें नोंदवावें. त्यांत ग्रंथाचा अपमान नाहीं. साक्षीदार कोठें उभा होता हें पाहिल्यावांचून साक्षीचें मोल ठरत नाहीं.

आणि मर्म? ग्रंथाच्या नांवांत एकाही पुढाऱ्याचें नांव नाहीं. 'माणूस' हा साधा शब्द आहे व 'जागा होतो' ही त्याची स्वतःची क्रिया आहे. 'बाईंनीं वारल्यांस जागें केलें' हें उत्तर म्हणूनच अपुरें पडतें. बाहेरून येणारा हांक देऊं शकतो. उठावें लागतें तें निजलेल्यालाच. आपलें भय एकट्याचें नाहीं व आपला नकारही एकट्याचा राहणार नाहीं, हें उमगतांच दबलेला मनुष्य माणूस म्हणून उभा राहतो, असें या ग्रंथाचें मर्म आम्हांस वाटतें. कोणास दुसरें वाटल्यास त्यानें तें अवश्य लिहावें. मात्र तें कोणत्या कृतीवरून काढलें तें दाखवावें.

घांगळीच्या सुरावर कणसरीची कथा ऐकत वाढलेल्या मुलांना कथा कशी ऐकावी हें शिकविण्याची गरज नाहीं. पुस्तक हातीं घेतल्यावर तीच समज सोडूं नये, इतकेंच सांगावयाचें आहे. विशेषण लिहिण्यापूर्वीं कृति शोधावी. कृतीमागची किंमत मोजावी. बोलणारा कोण हें पाहावें. मग घरीं जाऊन वडीलधाऱ्यांस वेठीच्या दिवसांविषयीं आपल्या आज्यापणज्यांकडून काय ऐकलें तें विचारावें. त्यांचें सांगणें ग्रंथाशीं जुळलें तर ग्रंथ अधिक आपला होईल. न जुळलें तर जें लिहावयाचें राहिलें आहे तें लिहिण्याचें काम कोणाचें, हें विद्यार्थ्यास आपोआप कळेल.