लोपामुद्रा : एक दुर्मिळ नांव

नातीच्या बारशाच्या वेळीं मीं ‘लोपामुद्रा’ हें नांव सुचविलें, तेव्हां तिच्या आजीनें कपाळाला आठ्या घातल्या. “मुलीच्या नांवांत लोप कसला?” हा तिचा आक्षेप. तो अगदींच पोकळ नाहीं. लोप म्हणजे नाहींसें होणें. मुद्रा म्हणजे खूण. परंतु नाहींसें काय झालें? परंपरा सांगते कीं, अगस्त्य ऋषींनीं निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन ही कन्या निर्मिली आणि तिच्यापुढें त्या प्राण्यांच्या सौंदर्याची खूणच लोपली. व्याकरणाला हें कितपत मानवेल तो प्रश्न निराळा. कथा मात्र गोड आहे.

महाभारताच्या वनपर्वांत ती विदर्भराजाच्या घरीं वाढते. म्हणजे दमयंती व रुक्मिणी यांच्याच माहेरची! त्या दोघींचीं नांवें आपल्याकडे रुजलीं. हिचें मात्र बंगालमध्यें अधिक ऐकूं येतें.

पण तिचें खरें मोठेपण मला ऋग्वेदांत दिसतें. पहिल्या मंडलांतील १७९ व्या सूक्तांत अवघ्या सहा ऋचा आहेत. पैकीं पहिल्या दोन तिच्या मानतात. आपण वर्षानुवर्षें रात्रंदिवस कष्टलों, आतां वार्धक्य देहाची शोभा हरण करीत आहे, तेव्हां तपस्वी पतीनें पत्नीकडेही पाहिलें पाहिजे, असें ती अगस्त्यांना निःसंकोच सुनावते. पतीला असें तोंडावर सांगणारी स्त्री वेदांत ऋषि म्हणून गणली गेली, हें लहान नव्हे.

हें सूनबाईंनीं ऐकलें आणि तेंच नांव ठेवलें. आजी मात्र नातीला ‘मुद्रा’ एवढीच हांक मारते.