बिडी आणि तिसरा तास

शाळकरी मुलाच्या खिशात बिडी सापडली की मास्तर म्हणतात, 'पोरगा वाया गेला'. बाप म्हणतो, 'शाळेत शिस्त नाही'. पण बिडीने अभ्यासाची शिस्त मोडते, की अभ्यासातून सुटलेला मुलगा बिडी धरतो, हे कोणी विचारीत नाही.

सुदुंबरे हे संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचे गाव. एका अंगाला तळेगाव, दुसऱ्या अंगाला चाकण, दोन्हीकडे कारखाने. कारखान्याच्या वाटेवर टपरी आली, तशी ती शाळेच्या वाटेवरही आलीच.

धूर ओढला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते व तरतरी वाटते. सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. मग सवय जडलेला मेंदू मागणी करू लागतो : चिडचिड, चुळबुळ, कशातच लक्ष न लागणे. शाळेच्या वाटेवर ओढलेली बिडी तिसऱ्या तासाला अशी वसुली करते. मधल्या सुटीत पुन्हा ओढली की बरे वाटते, आणि मुलगा समजतो, बिडीने डोके चालते! वास्तविक बिडीनेच लावलेले दुखणे तिने घटकाभर थांबविलेले असते. सावकारही जुने कर्ज फेडायला नवे देतोच. त्यात मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग साधारण 25 व्या वर्षापर्यंत घडत असतो. म्हणून या वयात सवय लवकर जडते.

उलट बाजूही तितकीच खरी. गणितात मागे पडलेल्या मुलाला वर्गात मान नाही. टपरीवरच्या टोळक्यात तो मिळतो. चौकशीवाचून कामगाराला काढू नये, हे आम्ही कारखान्याच्या दारावर ओरडून सांगतो. तेरा वर्षांच्या पोराला मात्र विचारपूस न करता वर्गाबाहेर उभे करतात. आणि बाहेर टपरीच असते.

आम्हांला विचारतात, मग सिन्नर-सोलापूरच्या बिडी वळणाऱ्या बायांनी खायचे काय? प्रश्न रास्त आहे. पण त्यांच्या मजुरीचा झगडा मालकाशी आहे. तो पोरांच्या छातीवर भागविता येत नाही.

2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलांना, तसेच शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी आहे; दंड 200 रुपयांपर्यंत. 2015 च्या बालन्याय कायद्यात मात्र मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी व लाखापर्यंत दंड आहे. टपरीवाल्याला बहुधा पहिलाच ठाऊक असतो. पालकसभेत दुसरा वाचून दाखवावा, आणि त्याच सभेला टपरीवाल्यालाही बोलवावे.